चारशे बारा कुंड्या

सोमवार, २० जानेवारी
पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे. काचघरातला थर्मामीटर वाचताना

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

तू पाठवलेले कॅलेंडर पोहोचले. गुंडाळी दबली होती, पण दोन दिवस विटेखाली ठेवून मी ती सरळ केली आणि बॉयलरच्या खोलीत दाराजवळ लावली. कागद खरोखर जाड आहे. भाषा कोणती ते कळत नाही, पण आकडे ते आकडेच, आणि चित्र तर कोणालाही कळेल: रिकामी कबर, बाजूला सारलेला धोंडा, आणि शेजारी लाल चौकटीत ४ मे. हाच ईस्टर. तीन वेळा पाहून मग मी पेन्सिलीने भोवती गोल केला.

माळीकाका नोव्हेंबरात गेले तेव्हापासून काचघर माझ्याकडे आहे. मालकीणबाई मुलीकडे गेल्या आहेत, फेब्रुवारीत येतील. जाताना त्यांनी एवढेच सांगितले की चारशे बारा कुंड्या, अकरा चर्च, आणि ईस्टरच्या सकाळी प्रत्येक कुंडीत लिलीची निदान तीन फुले उघडी हवीत. आदल्या दिवशी उघडून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी तर नाहीच. त्या एका सकाळवर काचघराचे वर्ष चालते.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला येतो. माळीकाका ती तारीख डोक्यात ठेवत आणि डोके ते बरोबर घेऊन गेले. मागे त्यांची वही राहिली. तिच्यात लिहिले आहे की कंद उबेत आणल्यापासून एकशे दहाव्या दिवशी फूल. म्हणून मी ४ मेपासून उलटे मोजून १४ जानेवारीला सगळ्या कुंड्या उबेत आणल्या. (वहीत ऊब हा शब्द ऱ्हस्व लिहिला आहे. मी दुरुस्त केला नाही, गेलेल्या माणसाचे अक्षर आहे.)

कोळसा आठवड्याला मोजून मिळतो. तुझा खोकला कसा आहे? लपवू नकोस.

माया आहेच, ती पत्रातून कळत राहावी.
तुझा,
मास्तर


बुधवार, २९ जानेवारी

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

आठवीतून शाळा सोडलेल्या माणसाने मेलेल्या माळ्याचं शुद्धलेखन तपासावं आणि न दुरुस्त केल्याबद्दल वर शाबासकी मागावी! तुझं मास्तर हे नाव मी ठेवलं तेव्हा ती थट्टा होती. आता तू त्याखाली सहीच करायला लागलास.

खोकला बरा आहे. नसता तरी त्याला इथे कोणी विचारलं नसतं. माझ्या वॉर्डात खाटा चाळीस आणि रोगी बासष्ट. लढाई सीमेपलीकडे आहे असं पेपरात रोज छापून येतं. रोगी मात्र अलीकडे येतात. कॅलेंडर असाच एक जण बरा होऊन जाताना उशाखाली विसरला. कपाटात अंथरायला घेणार होते, पण एवढा जाड कागद वाया घालवायचा म्हटल्यावर तुझी आठवण झाली.

बायकांच्या गायनमंडळाने ईस्टरच्या गाण्यांना बोलावलं होतं. मी नाही म्हणून कळवलं. तीस वर्षं मी मेलेला उठला हे वरच्या पट्टीत गायले. यंदा वॉर्डात रोज एखादा उठत नाही, आणि मला ती पट्टी लागत नाही. विश्वास गेला असं समजू नकोस आणि तुमच्या पाळकांना कळवू नकोस. तो आहे. माझ्यासारखाच दोन पाळ्या करतो आणि बोलत नाही.

जेवत जा. पानं मोजून पोट भरत नाही.
तुझी,
आत्या


गुरुवार, १३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

गोष्ट नाजूक आहे. वाचून झाल्यावर हे पत्र फाडून टाक.

पाळकसाहेबांच्या हातून फार मोठी चूक झाली आहे. रविवारी मला काचघर सोडता येत नाही, म्हणून काल बुधवारी संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी चर्चमध्ये गेलो, तर त्यांनी सगळ्यांच्या कपाळाला राख लावून लेंट सुरू झाल्याचे जाहीर केले. ईस्टरच्या आधीचा हा उपवासकाळ चाळीस दिवसांचा असतो हे कोणीही सांगेल. कालपासून ४ मेपर्यंत मी मोजले. एक्याऐंशी दिवस होतात. रविवार वगळले तरी सत्तर उरतात. मंडळीत म्हातारी माणसे, बाजारात आधीच सगळ्याची टंचाई, आणि त्यात हा दुप्पट उपवास! पाळकसाहेब स्वतः किती बारीक आहेत ते तू पाहिले आहेस.

मी चारचौघांत काही बोललो नाही. राखही लावून घेतली, नाहीतर त्यांना वाईट वाटले असते. पण बाकीचे कसे गप्प बसले? गायनमास्तर, खजिनदार, सगळ्यांनी कपाळ पुढे केले. मला वाटते की सगळ्यांना कळले आहे आणि भिडेपोटी कोणी सांगत नाही. गेल्या वर्षी पत्नी वारल्यापासून पाळकसाहेबांचे चित्त ठिकाणावर नसते, म्हणून लोक सांभाळून घेत असावेत.

मी एक चिठ्ठी लिहायला घेतली आहे. आपल्या नजरचुकीने झाले असावे, असे लिहावे, की आमची समजूत चुकत असल्यास क्षमा असावी, असे? तू लगेच कळव, कारण लोक उपाशी आहेत.

कुंड्या अगदी वेळेवर आहेत. आज तिसावा दिवस. रोपे चार बोटे वर आली.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
मास्तर


सोमवार, १७ फेब्रुवारी

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

चिठ्ठी पाठवू नकोस. पाठवली असलीस तर पळत जाऊन परत आण.

ईस्टर ३० मार्चला आहे. पाळक बरोबर आहेत, गायनमास्तर बरोबर आहेत, आणि तुमचा खजिनदारही आयुष्यात एकदा बरोबर आहे. चुकलो ते तू आणि मी.

कॅलेंडर ज्याचं होतं त्याच्या देशातल्या मंडळ्या जुन्या कालगणनेने ईस्टर धरतात. काही वर्षी दोन्ही एकाच रविवारी येतात. यंदा पाच आठवड्यांचं अंतर आहे. हे मला तिकडच्याच एका रोग्याने आज समजावून सांगितलं. तुझी हकीकत ऐकून तो इतका हसला की टाके उसवतील म्हणून मी त्याला दरडावून गप्प केलं. कबर एकच, आणि आपण सगळे तिथे वेगवेगळ्या दिवशी जाऊन पोचतो. हे वेळापत्रक बघून प्रभूला काय वाटत असेल ते त्यालाच ठाऊक.

मी कागदाची जाडी पाहिली, तारीख पाहिली नाही. तेव्हा अर्धी चूक माझी. अर्धीच म्हणते, कारण तीन वेळा तू पाहिलंस.

मालकीणबाई आल्या की त्याच दिवशी सांग. झाकून ठेवलेल्या जखमेचं काय होतं ते मी रोज धुते.

धीर सोडू नकोस,
आत्या


मंगळवार, २५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

चिठ्ठी पाठवली नव्हती. शेवटच्या ओळीतल्या एका शब्दावर अडलो होतो. देवाची कृपा.

मालकीणबाई शुक्रवारी आल्या. त्यांचा कोट अंगावर असतानाच मी सगळे सांगितले. त्यांनी एका कुंडीवर वाकून विचारले की ही लिली आहे की कांद्याची पात. मी म्हटले, लिली. त्या म्हणाल्या की ईस्टरला फूल नसेल तर अकरा चर्चचे आगाऊ पैसे परत जातील, बॉयलर बंद होईल, काचघराला कुलूप लागेल आणि मी बाहेर. हे त्यांनी आवाज न चढवता सांगितले, म्हणून जास्त लागले. आत्या, मला दुसरे काही येत नाही. आठवीनंतर जे शिकलो ते या काचेखाली शिकलो.

त्या दिवसापासून उष्णता अठरा अंशांवरून चोवीसवर नेली आहे. वाटणीचा कोळसा पुरत नाही. वरचा मी माझ्या पगारातून घेतो. दर सोमवारी पाने मोजून अंदाज काढतो. जास्तीत जास्त तीन आठवडे वाचतील. लागतात पाच. मालकीणबाईंना हे दाखवले तर म्हणाल्या की उरलेले दोन प्रार्थनेत मागून घे. त्या स्वतः कधी प्रार्थना करत नाहीत, म्हणून त्यांना ते सोपे वाटत असावे.

या उष्णतेचा फायदा सध्या शाळेतल्या म्हाताऱ्यांना होतो. शेजारच्या शाळेत लढाईतून पळून आलेली माणसे ठेवली आहेत. वर्गांत शेगडी नाही. पाच-सहा म्हाताऱ्या रोज दुपारी येऊन आपल्या गरम पाइपाला पाठ लावून बसतात. एक शब्द एकमेकांचा कळत नाही. मालकीणबाईंनी विचारले की या कोण. माझ्या तोंडून निघून गेले की पाने मोजायला मदत करतात. ते खोटे होते, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना पाने मोजायला बसवले. आता ते खरे आहे.

प्रार्थनेत आठवण ठेव, निदान दोन आठवड्यांची.
तुझा,
मास्तर


मंगळवार, १ एप्रिल

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

ईस्टर झाला. दहा चर्चनी कुंड्या नाकारल्या. फक्त पाळकसाहेबांनी चाळीस घेतल्या आणि वेदीभोवती रांगेने मांडल्या. चाळीस हिरव्या काठ्या, टोकाला बोटाएवढ्या हिरव्या कळ्या.

पाळकसाहेबांचे ईस्टरचे प्रवचन अकरा वर्षे तेच आहे आणि ते कागदावरून वाचतात. मध्यावर ते हात पसरून या शुभ्र फुलांकडे पाहा असे म्हणतात. परवाही त्यांनी हात पसरला. सगळ्या मंडळीने पाहिले. खजिनदारांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मग पाळकसाहेबांनीही कागदावरून मान वर केली. हात तसाच. आणि कागदावर होते तेच पुढे वाचले: शुभ्रता, सुगंध, सगळे. मागच्या बाकावर कोणीतरी खरोखरच नाकाने श्वास ओढला. मला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

उपासनेनंतर दारात माफी मागायला उभा राहिलो. ते म्हणाले की माफी कसली, अकरा वर्षांत लोकांनी प्रथमच ऐकले. ही थट्टा होती का ते मला ठरवता आले नाही. मग हळूच म्हणाले की गेल्या ईस्टरला पत्नीला पुरून आठ दिवस झाले होते, चर्च फुलांनी भरले होते, आणि त्यांना त्यातले एकही दिसले नव्हते. यंदा निदान कळ्या दिसल्या.

मालकीणबाईंनी निकाल दिला. एप्रिलअखेर कुंड्या मिळेल त्या भावाने विकायच्या, नाहीतर खतात टाकायच्या, आणि त्यानंतर चावी त्यांच्या हातात द्यायची.

आता कालचे सांगतो. शाळेतली सगळ्यांत थोरली म्हातारी, मी तिला मोजणीआजी म्हणतो, पाणी प्यायला बॉयलरच्या खोलीत आली आणि तिला ते कॅलेंडर दिसले. तिने ४ मेवर बोट ठेवले. आधी रडली, मग हसली, मग छातीवर क्रूस काढला, आपल्या उलट बाजूने. मग बाहेर येऊन कुंड्यांकडे बोट, परत तारखेकडे बोट. आत्या, तिला वाटते की ही फुले मी पहिल्या दिवसापासून त्यांच्या ईस्टरसाठी वाढवतो आहे. ती शाळेत सांगून आली. तासाभरात तीस माणसे आली आणि एकेकाने माझा हात दोन्ही हातांत धरला. मला त्यांची भाषा येत असती तर मी खरे सांगितले असते. बहुतेक.

आणि आता मी ही फुले त्यांना कशी देऊ? पाच आठवडे मी त्यांना चोवीस अंशांत पळवली. हिशेबाने ती १३ एप्रिलला उघडतील. एका ईस्टरला दोन आठवडे उशिरा, दुसऱ्याला तीन आठवडे आधी. दोन्हींच्या बरोबर मधे मी नेम साधला आहे. फेब्रुवारीत ऊब मागत होतो, आता थंडी मागतो आहे. वर ऐकणाऱ्याने माझे नाव यादीतून काढले तरी मी त्याला दोष देणार नाही.

काही सुचले तर लगेच लिही.
तुझा,
मास्तर


शनिवार, ५ एप्रिल

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

बागेतलं मला कळत नाही. जिवंत वस्तू थांबवून कशी धरायची ते कळतं. रक्ताच्या बाटल्या, लसी, सगळं आम्ही थंडीत आणि अंधारात ठेवतो. कळ्या पांढुरक्या व्हायला लागल्या की उघडायच्या आधी तशाच कुठेतरी ने. तुमच्या चर्चखाली दगडी तळघर आहे. लहानपणी तुझ्या बापाने मला तिथे कोंडलं होतं आणि उन्हाळ्यात माझे दात वाजत होते. पाळकांकडे किल्ली माग.

पण एक बजावून ठेवते. दगडी तळघर, अंधार, आणि तिथून बाहेर येणारी फुलं, हे सगळं जोडून पाळकांना दाखवू नकोस. नाहीतर पुढची अकरा वर्षं तेच प्रवचन ऐकावं लागेल.

३० मार्चला मी ड्यूटीवर होते. खिडकीतून गाणी ऐकू आली. वरची पट्टी कोणालाच लागली नव्हती, त्यामुळे जरा बरं वाटलं.

सोबत कोळशासाठी थोडे पैसे आहेत. उसने आहेत, नाहीतर तू परत पाठवशील. आणि एक कुंडी मला पाठव. बघू तरी कशासाठी एवढा जीव टांगणीला लावलास.

तुझी,
आत्या


शुक्रवार, २५ एप्रिल

चि. मास्तर यास,
अ. उ. आ.

बसवाल्याबरोबर पाठवलेली कुंडी आणि तीन ओळींची चिठ्ठी मिळाली. तीन ओळींत चार सूचना बसवल्यास, त्या पाळल्या. बाकीच्या कुंड्या तळघरात गेल्या हे वाचून बरं वाटलं.

कुंडी मी वॉर्डाच्या खिडकीत ठेवली. त्या खिडकीखाली एक ट्रक ड्रायव्हर आहे. औषधं पोचवायला सीमेपलीकडे गेला आणि आगीतून एकटाच परत आला. सहा आठवडे एक शब्द नाही. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, सगळं ठीक. बायको येऊन तासभर बोलून जायची, हा भिंतीकडे बघायचा. मला वाटायचं की याचं अंग तेवढं आम्ही परत आणलं.

रविवारी पहिलं फूल उघडलं, मंगळवारपर्यंत तीन. बुधवारी सकाळी मी शेजारच्याचा ताप बघत होते, तर हा खणखणीत आवाजात म्हणाला की या फुलाच्या वासाने डोकं उठलं आहे, ते बाहेर न्या. मी म्हटलं, नेणार नाही. मग त्याने मला शिव्या दिल्या. भरपूर, आणि एकही अर्धवट न सोडता. बायकोला निरोप धाडला. ती धावत आली आणि दोघांचं लगेच कशावरून तरी भांडण झालं.

मी याला पुनरुत्थान म्हणणार नाही, फार मोठा शब्द आहे. तक्रार म्हणू. त्यानंतर मी चादरींच्या खोलीत जाऊन गाणं म्हणत होते असं आयाबाई सगळ्यांना सांगत सुटली आहे. तिला कमी ऐकू येतं. आणि पट्टी वरची नव्हती.

कुंडी त्याच खिडकीत आहे. रोज भांडण होतं.

तुझी,
आत्या


सोमवार, ५ मे
सकाळी सव्वासहा, बॉयलरमधली राख काढून हात धुतल्यावर

ती. आत्यास,
सप्रेम सलाम, वि. वि.

गुरुवारी तळघर उघडले. तीनशे एकाहत्तर कुंड्यांपैकी चौऱ्याण्णव बुरशीने गेल्या होत्या. उरलेल्या शाळेतल्या माणसांनी हातगाडीवरून वर आणल्या. काल सकाळी मी मोजले. नियमाप्रमाणे तीन फुले फक्त त्रेसष्ट कुंड्यांत होती. बाकीच्यांत एक किंवा दोन. माळीकाकांनी मान हलवली असती.

त्याआधी शनिवारी माझ्याने राहवेना. पाळकसाहेबांनी त्यांची भाषा जाणणारा एक घड्याळजी शोधून दिला. त्याच्या तोंडून मी मोजणीआजीला खरे सांगितले की हे सगळे चुकून झाले, मी तुमच्यासाठी काही केलेले नाही. ती म्हणाली की ते तिला पहिल्याच दिवशी कळले होते. परक्यांसाठी जाणूनबुजून फुले वाढवणारा माणूस इतका घाबरलेला दिसत नाही. पण तिच्या गावात आता चर्च नाही, गावही नाही, आणि तरी कोणाच्या तरी चुकीत त्यांचा दिवस बरोबर लिहिलेला निघाला, एवढे तिला पुरे होते. घड्याळजीने हे सांगताना स्वतःचे नाक दोनदा शिंकरले.

काल शाळेच्या पटांगणात उपासना झाली. त्यांच्यात बसत नाहीत. दोन तास सगळे उभे. एवढ्यात मालकीणबाई आल्या. दोनशे सत्त्याहत्तर कुंड्या पावतीशिवाय गेल्याचे त्यांना कळले होते आणि काखेत पावतीपुस्तक होते. मोजणीआजीने त्यांना हाताला धरून पहिल्या रांगेत नेले आणि हातात पेटती मेणबत्ती दिली. पेटलेली मेणबत्ती घेऊन भांडता येत नाही. त्या उभ्या राहिल्या.

त्यांचे पाळक मोठ्याने काहीतरी म्हणत आणि सगळे त्याला ओरडून उत्तर देत. तिसऱ्या वेळेला मला कळले की ते काय असणार. त्या दिवशी दुसरे काही असूच शकत नाही. मग मीही आपल्या भाषेत म्हणालो की तो उठला आहे. प्रत्येक वेळी मला क्षणभर उशीर होत होता. सगळ्यांचे संपले की माझा एकट्याचा आवाज. चौथ्या वेळेला मागून आणखी एक उशिराचा आवाज आला. वळून पाहिले तर पाळकसाहेब. हातात कागद नव्हता. आत्या, त्या पटांगणात एकाचेही घर शिल्लक नाही, आणि एवढ्या मोठ्याने ओरडणारी मंडळी मी पाहिलेली नाही. मला पहिल्यांदा वाटले की हे खरे असेल तर ते आमच्या वेळेवर अवलंबून नाही. जास्त नीट लिहिता येत नाही.

परत येताना मालकीणबाई म्हणाल्या की पाय दुखतात आणि पावत्यांवर मेण पडले. फाटकापाशी म्हणाल्या की सांगितल्याप्रमाणे बॉयलर उद्यापासून बंद. मी हो म्हटले. तो दर वर्षी मेमध्ये बंदच असतो, हे मी बोललो नाही. मी चावी पुढे केली. त्यांनी विचारले की एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्यात पुस्तक असताना ती कशात घेऊ. मग म्हणाल्या की दोन तास न बसता उभी राहणारी माणसे आज ना उद्या फुले विकतही घेतील, तेव्हा पुढच्या वर्षीच्या दोन्ही तारखा आणि लागणारे कंद लिहून आण, आणि तारखा या वेळी दोन माणसांना विचार. चावी माझ्याकडे आहे.

त्या ड्रायव्हरला माझा सलाम सांग. वास फार होत असेल तर फुलातले पिवळे परागकोश चिमटीने काढून टाक. पण त्याला बोलता ठेवायचे असेल तर राहू दे.

तुझ्या मायेत उशिरा का होईना वेळेवर पोचणारा,
मास्तर

ता. क.
खर्च: वरचा कोळसा १४०, हातगाडीचे भाडे दोन वेळा १२, बसवाल्याला कुंडीबद्दल ३. एकूण १५५.
देणे: तुझे उसने ५०.
येणे: फुलांचे काही नाही. एप्रिलचा पगार. मालकीणबाई म्हणाल्या होत्या की ईस्टर झाला की देते. कोणता ते मी तेव्हा विचारले नाही. आता दोन्ही झाले आहेत, दुपारी मागून पाहतो.